परसातील बदकांचे तळे

फलटणला बदके पाळायची म्हटले, की ऐकणारा हसतो. त्याचेही बरोबर आहे. सह्याद्री ओलांडून येता येता पाऊस इतका रोडावतो, की वर्षाकाठी 20 इंचांच्या आसपास पाणी आपल्या वाट्याला येते. नीरेचा उजवा कालवा आहे म्हणून ऊस तरी दिसतो. मग बदकांना पाणी आणायचे कुठून?

खरे म्हणजे बदकाला पोहायला मिळालेच पाहिजे असे नाही. डोके बुडवून डोळे आणि नाकपुड्या धुता येतील, एवढे पाणी मात्र हवेच. तरी हौस असेल, तर चार बदकांना 6 फूट लांब, 4 फूट रुंद आणि दीड फूट खोल हौद पुरे. त्यात सुमारे 1000 लिटर पाणी मावते.

अडचण पुढेच आहे. चार दिवसांत पाणी गढूळते, वास सुटतो. दर वेळी ते ओतून देणे आपल्याला परवडायचे नाही. म्हणून पाणी बदलण्याऐवजी फिरवावे.

हौद जरा उंचावर बांधून तळाला उतार द्यावा आणि खालच्या टोकाला नळी बसवावी. घाण तळाशी बसते, ती नळीवाटे आधी झाकणाच्या पिंपात येऊ द्यावी. गाळ तिथेच राहतो. वरचे पाणी खडीने भरलेल्या उथळ चरातून सावकाश जावे. चरात कर्दळ लावावी. शेवटी जमलेले पाणी लहान पंपाने परत हौदात सोडावे. बारीक वाळू वापरू नये, ती लगेच तुंबते.

खडी नुसती गाळणी नव्हे. तिच्यावर जंतू वाढतात, ते विष्ठेतल्या अमोनियाचे नायट्रेट करतात. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने असे जंतू 1890 साली वेगळे काढून दाखवले. ते नायट्रेट कर्दळ खाते.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो चुकून. एकदा स्वच्छतेच्या भरात सगळी खडी ब्लीचिंग पावडरीने घासून काढली. आठवड्यात पाणी पूर्वीपेक्षा घाण झाले! जंतूच मेले, तर काम करणार कोण? पुन्हा घडी बसायला महिना-दीड महिना लागला. तेव्हापासून खडी फक्त हौदाच्याच पाण्यात खळबळतो.

पिंपातला गाळ मात्र आठवड्याला काढावा आणि केळीच्या, लिंबाच्या आळ्यात घालावा. आमच्याकडे बदकांचे कौतुक अंड्यांपुरतेच होते; आता केळीचा घड पाहून घरची मंडळी त्या हौदाला नावे ठेवीत नाहीत.