खोटे बोलताना मेंदूत काय घडते?

वाचकहो, करवीर तालुक्यातल्या एखाद्या शाळेतला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. सहलीच्या वर्गणीतली शंभराची नोट हरवली आहे. गुरुजी करड्या आवाजात विचारतात, "कुणी घेतली?" एका पोराचे हात थरथरू लागतात. "मी न्हाई घेतली, गुरुजी," म्हणताना त्याची जीभ अडखळते. झाले! सारा वर्ग म्हणतो, हाच चोर. पण जरा थांबा.

खरे सांगायला मेंदूला फारसे कष्ट पडत नाहीत. घडले ते आठवायचे आणि सांगून मोकळे व्हायचे. खोट्याला मात्र तीन कामे एकदम करावी लागतात. ओठांवर आलेले खरे मागे दाबायचे, त्या जागी दुसरी हकीकत रचायची, आणि ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे याचे भान ठेवायचे. रिकामी गाडी सपाटीवर चालावी तसे खरे. उसाने भरलेली गाडी चढाला लागावी तसे खोटे. हा भार मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग वाहतो. पण अवघड गणित सोडवताना किंवा राग आवरतानाही तोच भाग राबतो. मेंदूत खोट्याचा असा वेगळा कप्पा नाही.

मग खोटे पकडणारे यंत्र काय करते? ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजते. हे सारे भीतीनेही वाढते, आणि भीती निर्दोष माणसालाही वाटतेच की! २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूतील विद्युतलहरींची चाचणी पुराव्यात धरली होती. त्यावर जगभर चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की संमतीवाचून अशी कोणतीही चाचणी कुणावर लादता येणार नाही.

आता उलट बाजू पाहा. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. भीती आणि अस्वस्थता यांच्याशी त्याचा संबंध असतो. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की माणूस स्वार्थासाठी पुन्हापुन्हा खोटे बोलू लागला, की या भागाची प्रतिक्रिया मंदावत जाते आणि खोटे मोठे होत जाते. म्हणजे सरावलेला लबाड शांत दिसू शकतो, आणि साधे पोर थरथरते!

म्हणून गुरुजी, आणि घरच्या आईबापांनो, चेहऱ्यावरून निवाडा करू नका. पोराला बाजूला घ्या, मायेने विचारा. नोट शेवटची कुठे पाहिली, तेव्हा जवळ कोण होते, हे ताडून पाहा. मार बसेल या धाकाने पोर खोटे बोलायलाच शिकते. आणि समजा, चार दिवसांनी ती नोट हजेरीपटाच्या पानांतच सापडली, तर त्या पोराच्या कपाळावरचा चोराचा शिक्का कोण पुसणार?