विश्लेषण : उंदराला दारू 'आवडते' हे शास्त्रज्ञ ओळखतात कसे?

'दोन घोट घेतले की बरं वाटतं,' असं माणूस सांगू शकतो. उंदीर सांगू शकत नाही. तरीही दारूचं व्यसन कसं लागतं, याचा बराचसा अभ्यास उंदरांवरच झाला आहे. मुक्या प्राण्याला दारूतून सुख मिळतं की नाही, हे प्रयोगशाळेत कसं तपासतात? आणि त्याचा माणसाला उपयोग काय?

दोन बाटल्यांची चाचणी काय आहे?

ही सर्वात साधी पद्धत. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावतात. एकीत साधं पाणी, दुसरीत साधारण १० टक्के अल्कोहोल मिसळलेलं पाणी. कोणत्या बाटलीतून किती प्यायलं गेलं, हे रोज मोजतात. उंदराला जागेची सवय लागू नये म्हणून बाटल्यांची अदलाबदल करतात. १९५९ मध्ये अमेरिकेत मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी या पद्धतीने एक फरक दाखवून दिला : 'सी५७' वाणाचे उंदीर दारूची बाटली पसंत करतात, तर 'डीबीए' वाणाचे तिच्याकडे जवळपास फिरकतही नाहीत. म्हणजे ओढीत आनुवंशिकतेचा वाटा आहे.

जो जास्त पितो, त्यालाच जास्त सुख मिळतं का?

इथेच खरी मेख आहे. उंदीर चवीसाठी किंवा कॅलरींसाठीही पीत असेल. एक ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे ७ किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे चव बाजूला ठेवणारी चाचणी आली. उंदराला दारूचं इंजेक्शन देऊन एका प्रकारच्या जमिनीवर सोडतात. दुसऱ्या वेळी नुसतं सलाइन देऊन वेगळ्या जमिनीवर. शेवटी काहीही न देता दोन्ही जमिनी मोकळ्या ठेवतात. तो जिथे जास्त वेळ थांबेल, ती जागा त्याला 'सुखाची' वाटते.

निकाल चक्रावणारा होता. बाटलीला तोंड न लावणारे 'डीबीए' उंदीर दारूशी जोडलेल्या जागेलाच चिकटून राहिले. त्यांना नकोशी होती ती चव. दारूचा मेंदूवरचा परिणाम नव्हे.

ओढ किती तीव्र, हे कसं मोजतात?

कळ दाबली की दारूचे थेंब मिळतात, असं उंदराला शिकवतात. दारूची चव कडवट असल्याने आधी साखरपाणी देतात, मग हळूहळू साखर कमी आणि अल्कोहोल जास्त. पुढे दर वेळी जास्त वेळा कळ दाबावी लागेल अशी व्यवस्था करतात. उंदीर जिथे नाद सोडतो, तो आकडा म्हणजे त्याच्या ओढीचं माप.

माणसाला याचा काय फायदा झाला?

दारूमुळे मेंदूत नैसर्गिक ओपिऑइड द्रव्यं आणि डोपामाइन वाढतं, हे अशा प्रयोगांतून स्पष्ट झालं. ओपिऑइडचा मार्ग अडवणारं नाल्ट्रेक्सोन दिल्यावर माकडं आणि उंदीर दारू कमी पिऊ लागले. १९९२ मध्ये माणसांवरच्या चाचण्यांचे अनुकूल निष्कर्ष आले आणि १९९४ मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनावर त्याला मान्यता मिळाली. ते सर्वांनाच लागू पडतं असं नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचंही नाही.

सगळेच व्यसनी का होत नाहीत?

स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात उंदरांना दारू किंवा गोड पाणी, असा पर्याय दिला. बहुतेक गोड पाण्याकडे वळले. सुमारे १५ टक्के मात्र, सौम्य विजेचा झटका बसत असतानाही, दारूच निवडत राहिले. त्यांच्या मेंदूच्या 'अमिग्डाला' भागात एक विशिष्ट प्रथिन कमी आढळलं. दारूचं व्यसन असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूतही तीच कमतरता दिसली.

मर्यादा काय?

उंदराला कर्ज नसतं, मित्रांचा आग्रह नसतो, लोकलाजही नसते. प्राण्यांत चाललेली काही औषधं माणसांत फसली आहेत. पण घरातल्या माणसाला 'मनावर ताबाच नाही' असं म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हवं : त्या १५ टक्के उंदरांना कोणी वाईट संगत लावली नव्हती.

(व्यसनमुक्तीसाठी मदत हवी असल्यास राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन : १४४४६)