बॅटरीचे चिन्ह आणि ‘माहीत नाही’ म्हणण्याची सोय

गैरसमज: बॅटरीची पातळी दाखवणारा घटक एकदा लिहिला की कुठल्याही वेबपानावर चालतो.

वस्तुस्थिती: घटक पुन्हा वापरता येतो, पण त्याला लागणारी माहिती सगळीकडे मिळत नाही. आपल्याच उपकरणाची पातळी पानाला कळते ती ब्राउझरच्या बॅटरी स्टेटस एपीआयमधून. क्रोम ती देतो, तीही एचटीटीपीएससारख्या सुरक्षित जोडणीवरच. फायरफॉक्सने 2017 मध्ये, 52व्या आवृत्तीत, वेबपानांसाठीची ही सोय काढून टाकली. सफारीत ती मिळत नाही. म्हणून ‘माहिती उपलब्ध नाही’ ही अवस्था घटकात पहिल्यापासूनच हवी. ती नसेल तर माहितीच्या जागी रिकामे चिन्ह दिसते आणि वापरणाऱ्याला बॅटरी संपल्यासारखी वाटते.

गैरसमज: 100 टक्के दिसले म्हणजे बॅटरी भरली.

वस्तुस्थिती: एपीआय पातळी 0 ते 1 या दरम्यान सांगते. बॅटरीच नसेल किंवा पातळी कळत नसेल, तर मानकानुसार उत्तर 1 येते आणि सोबत ‘चार्जिंग सुरू’ असेही येते. बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपवर हिरवे, भरलेले चिन्ह झळकते ते यामुळेच. उरलेला वेळ सेकंदांत मिळतो, पण अंदाज करता आला नाही तर उत्तर ‘अनंत’ येते. ते जसेच्या तसे छापणे ही घटकाची चूक. रंगावर विसंबणेही चुकीचे, कारण लाल-हिरव्यातला फरक सर्वांनाच दिसत नाही. आकडा आणि स्क्रीन रीडरला वाचता येईल असा मजकूर सोबत हवाच.

गैरसमज: टक्केवारी कळल्याने कुणाचे काय बिघडणार?

वस्तुस्थिती: 2015 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की लिनक्सवरील फायरफॉक्स पातळी इतक्या बारकाईने सांगत होता, की तिच्यावरून बॅटरीची क्षमता काढता येई आणि थोड्या काळापुरते तेच उपकरण निरनिराळ्या संकेतस्थळांवर ओळखता येई. यावर कुणी म्हणेल, आता आकडे ढोबळ करून दिले जातात आणि चार्ज कमी असताना पानाने जड कामे टाळली तर वापरणाऱ्याचाच फायदा आहे. हा फायदा खरा आहे. पण तो ‘हलके पान’ असा पर्याय वापरणाऱ्याच्या हाती देऊनही मिळतो. त्यासाठी न विचारता माहिती घेण्याची गरज नाही. स्वतःच्या फोनची पातळी तर पडद्याच्या कडेला आधीच दिसत असते.

हा घटक खरा उपयोगी पडतो तो दुसऱ्या उपकरणांसाठी: दूरच्या सेन्सरसाठी, ब्लूटूथ हेडफोनसाठी. ब्लूटूथची बॅटरी सेवा 0 ते 100 असा पूर्णांक देते, म्हणजे मोजमाप इथे वेगळे. म्हणून घटकाने माहिती स्वतः शोधू नये. जी दिली जाईल तीच दाखवावी, ती कधीची आहे ते सांगावे आणि ती नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. असा घटकच कुठेही निर्धास्तपणे वापरता येतो.