एका मेजाभोवती

संकटकाळी मदतीला धावणारे हात पुष्कळ असतात; पण त्या हातांत मेळ नसेल, तर श्रम वाया जातात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोहमार्ग पाण्याखाली गेले, अनेक ठिकाणी दूरध्वनी मुके झाले. अशा प्रसंगी अग्निशामक दल, पोलीस आणि वैद्य यांनी आपापल्या नकाशांवर वेगवेगळ्या खुणा केल्या, तर काय होईल? एका वस्तीकडे दोन नौका जातील आणि दुसरी वस्ती वाट पाहत राहील.

हा घोळ टाळण्यास बहुस्पर्शी मेज उपयोगी पडते. या मेजाचा पृष्ठभाग हाच त्याचा पडदा असतो. त्यावर नकाशा उजळतो आणि भोवती बसलेली माणसे एकाच वेळी बोटांनी त्यावर खुणा करू शकतात.

यंत्राला स्पर्श कसा बरे कळतो? आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, या गुणाचा येथे उपयोग केलेला असतो. २००१ साली अमेरिकेतील मित्सुबिशीच्या संशोधनशाळेने 'डायमंडटच' नावाचे मेज जगापुढे मांडले. त्याच्या पृष्ठभागाखाली अनेक अँटेना असून प्रत्येकीचा विद्युतसंकेत निराळा असतो. बोट टेकताच तेथील क्षीण संकेत त्या माणसाच्या शरीरातून त्याच्या खुर्चीतील ग्राहक यंत्रणेपर्यंत पोचतो. त्यामुळे स्पर्श कोठे झाला हे तर कळतेच, शिवाय तो कोणी केला हेही कळते.

आता कल्पना करा. पोलीस अधिकाऱ्याने खचलेल्या पुलावर खूण केली. ती पाहताच वैद्याने रुग्णवाहिकेचा मार्ग बदलला. अग्निशामक अधिकाऱ्याने नौका पाठवल्याची नोंद केली, म्हणून दुसरी नौका शेजारच्या वस्तीकडे वळली. कोणती खूण कोणाची, हे ठाऊक असल्याने जबाबदारीही स्पष्ट राहिली.

मात्र वीज गेली, तर हे मेज निकामी होते. म्हणून कागदी नकाशाही जवळ हवाच. शिवाय मेजाला स्वतःचे डोळे नाहीत. पुराच्या काठी उभ्या असलेल्या माणसाने खरी वार्ता वेळेवर कळवली, तरच नकाशावरील खूण खरी ठरते. यंत्र माणसांना एका मेजाभोवती बसवते. एकमेकांचे ऐकून घेण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.