बघ्यांची खुर्ची

२०१९च्या जानेवारीत मी टेक्सासमध्ये, राउंड रॉक इथे भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. ऑस्टिनच्या उत्तरेला असलेलं हे शहर विल्यमसन काउंटीत येतं. शुक्रवारी रात्री जेवणं लवकर उरकायची, कारण आठ वाजता ‘लाइव्ह पीडी’ सुरू होई आणि अकरापर्यंत चाले. पीडी म्हणजे पोलीस डिपार्टमेंट. “मामा, बसा, आज आपली काउंटी आहे,” असं भाचा म्हणाला, तेव्हा मला वाटलं कसला तरी सामना असावा. तो समज अगदीच चुकीचा नव्हता.

देशातल्या निरनिराळ्या गावांत गस्तीच्या गाड्यांबरोबर कॅमेरे फिरत आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून एका गावातून दुसऱ्या गावात उडी मारली जाई. डॅन अब्रॅम्स हे कायदेविषयक पत्रकार सूत्रधार होते. शेजारी टॉम मॉरिस आणि टल्सा पोलिसांतला शॉन लार्किन हा अधिकारी बसे. क्रिकेटच्या प्रक्षेपणात निवृत्त खेळाडू जसा ‘आता हा यॉर्कर टाकणार’ म्हणून सांगतो, तसा लार्किन सांगे की चालक हात कुठे ठेवतो ते बघा, आता गाडीची झडती होणार.

आणि घडत काय होतं? बहुतेक वेळा फारसं काहीच नाही. मागचा दिवा फुटलेली गाडी अडवली जाते. चालक घाबरलेला असतो. खिशात पुडी सापडते आणि तो सांगतो, ‘ही पँटच माझी नाही.’ हे उत्तर अशा कार्यक्रमांत इतक्या वेळा ऐकू आलं आहे की अमेरिकेत तो एक ठरलेला विनोद होऊन बसला आहे. मी तीन तास हललो नाही. पुढच्या शुक्रवारी तर पावणेआठलाच येऊन बसलो. आपण काय बघतोय आणि का बघतोय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

हा प्रकार सुरू झाला तो पैशांच्या हिशेबातून. जॉन लँगली या निर्मात्याला पोलिसांमागे कॅमेरा घेऊन फिरण्याची कल्पना आधीपासून सुचली होती. १९८६ मध्ये जेराल्डो रिव्हेरा यांच्या एका विशेष कार्यक्रमात त्याने अमली पदार्थांवरचे छापे थेट दाखवले. त्यात टेक्सासमधल्या एका बाईला देशासमोर अटक झाली. पुढे तिच्यावरचे आरोप टिकले नाहीत आणि तिने दावा लावला. या प्रकाराची पहिलीच पायरी अशी होती. तरीही १९८८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी पाच महिने संप केला, आणि लेखक-नटांशिवाय चालणारा कार्यक्रम फॉक्स या नव्या वाहिनीला हवाच होता. ११ मार्च १९८९ रोजी ‘कॉप्स’ सुरू झाला. पहिल्या हंगामात फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचे शेरीफ निक नवारो यांची माणसं होती. निवेदक नाही, पटकथा नाही. ‘न्यायालयात दोष सिद्ध होईपर्यंत सर्व संशयित निर्दोष आहेत’ ही सूचना मात्र न चुकता. कार्यक्रम तीस वर्षांहून अधिक चालला.

स्वस्त आहे म्हणून वाहिनी कार्यक्रम दाखवते हे समजतं. लोक का बघतात, हे त्यातून कळत नाही.

आपल्याकडे चौकात पोलिसांची गाडी थांबली की दोन मिनिटांत गर्दी जमते. मराठीत या लोकांना ‘बघे’ असा नेमका शब्द आहे. बघ्याला कुणाची बाजू घ्यायची नसते, मदतही करायची नसते. पुढे काय होतंय एवढंच त्याला पाहिजे असतं. पण त्याच्या मनात एक धाकधूक असते. हवालदार वळून ‘काय रे, काय बघतोस?’ म्हणेल, किंवा पंच म्हणून सही करायला बोलावेल. टीव्हीने बघ्याला बसायला खुर्ची दिली आणि ही धाकधूक काढून टाकली. एवढंच असतं तरी प्रेक्षक मिळाले असते. पण खुर्ची कुठे मांडली आहे, हेही पाहिलं पाहिजे. ती पोलिसांच्या गाडीत, अधिकाऱ्याच्या शेजारी आहे. अडवलेल्या गाडीत बसून पोलीस आरशातून जवळ येताना कसा दिसतो, ते या कार्यक्रमात कधीच दिसत नाही. बघा चौकात उभा असतो तेव्हा निदान दोन्ही चेहरे त्याच्यासमोर असतात. इथे एकाचं नाव, स्वभाव, विनोदाची पद्धत आपल्याला आठवडेच्या आठवडे ओळखीची होत जाते आणि दुसरा दर सहा मिनिटांनी बदलतो. सहानुभूती कुणाकडे जाणार हे कॅमेऱ्याच्या जागेवरच ठरून जातं. त्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागत नाही.

दुसरी गोष्ट ‘थेट’ या शब्दाची. शेवट कुणालाच ठाऊक नाही, या जाणिवेवर प्रेक्षक तासन् तास कंटाळा सहन करतो. रेकॉर्ड केलेल्या सामन्यात निकाल माहीत नसला तरी मजा निम्मी होते, तसंच हे. प्रत्यक्षात ‘लाइव्ह पीडी’ पूर्ण थेट नव्हता. काही मिनिटांपासून वीस-पंचवीस मिनिटांपर्यंतचा विलंब त्यात ठेवलेला असे आणि नको ते त्या वेळात गाळलं जाई. पोलिसांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे वाट बघणं आणि कागद भरणं. तोही दिसत नसे, कारण एका गावात काही घडत नसलं की दुसरं गाव होतंच.

तिसरं कारण मला सगळ्यात खोल वाटतं. इथे प्रत्येक गोष्टीचा निकाल लागतो. बेड्या पडतात किंवा समज देऊन सोडलं जातं आणि आपण पुढच्या गावाला जातो. खऱ्या आयुष्यात चोरीची तक्रार दिलेल्या माणसाला निकाल क्वचितच बघायला मिळतो. मेरी बेथ ऑलिव्हर या संशोधक बाईंनी १९९४ मध्ये अशा कार्यक्रमांतले गुन्हे मोजून एफबीआयच्या आकड्यांशी ताडले. हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण पडद्यावर वास्तवापेक्षा बरंच जास्त होतं आणि आरोपी पकडले जाण्याचंही. म्हणजे जग आहे त्याहून भीतिदायक दिसतं आणि पोलीस आहेत त्याहून यशस्वी. या दोन्हींची गोळाबेरीज प्रेक्षकाला गोड लागते. भीती आणि दिलासा दोन्ही एकाच ताटात.

२०१४ मध्ये फर्ग्युसन इथल्या गोळीबारानंतर पोलिसांवरचा अविश्वास वाढला होता. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये ‘लाइव्ह पीडी’ आला तो पारदर्शकतेचं नाव घेऊनच. वीस लाखांच्या आसपास लोक तो बघत. समाजमाध्यमांवर त्यांची एक जमातच तयार झाली होती. कार्यक्रमात हरवलेल्या मुलांची माहितीही दिली जाई, त्यामुळे आपण नुसते बघे नसून कामाला हातभार लावतोय असंही प्रेक्षकांना वाटे. पारदर्शकतेचा दावा मला पटला होता. भाचेसुनेला पटला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती एकदा म्हणाली, “मामा, त्या माणसाची मुलं पण हे बघत असतील ना?” मी काहीतरी उत्तर दिलं. ‘कॉप्स’मध्ये चेहरा दाखवण्याआधी त्या माणसाची लेखी संमती घेत असत. ‘लाइव्ह पीडी’ मात्र स्वतःला बातमी म्हणवून घेई, आणि बातमीला संमती लागत नाही.

कॅमेरा पोलिसांबरोबर घरात शिरला तर? १९९९ मध्ये ‘विल्सन विरुद्ध लेन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की वॉरंट बजावताना पत्रकारांना घरात नेणं हा नागरिकाच्या हक्काचा भंग आहे. त्यामुळे कॅमेरे मुख्यतः रस्त्यावर राहिले.

मी परत आल्यावर दोन महिन्यांत, २८ मार्च २०१९च्या गुरुवारी पहाटे, विल्यमसन काउंटीत हाविएर अँब्लर हा चाळीस वर्षांचा माणूस गाडी घेऊन घरी चालला होता. समोरून येणाऱ्या गाडीसाठी त्याने हेडलाइट मंद केले नाहीत. डेप्युटीने पाठलाग सुरू केला, तो बावीस मिनिटं चालला आणि ऑस्टिनच्या हद्दीत संपला. टेझरचे झटके बसत असताना अँब्लर सांगत होता की मला हृदयविकार आहे, श्वास घेता येत नाही. तो मेला. डेप्युटींबरोबर ‘लाइव्ह पीडी’चा चमू होता. त्या वेळी प्रक्षेपण चालू नव्हतं, पण चित्रीकरण झालं. ते कधीच दाखवलं गेलं नाही, कारण मृत्यू दाखवायचे नाहीत असा वाहिनीचा नियम होता. नंतर ते नष्टही केलं गेलं. तपास संपल्याचं कळल्यावर चित्रीकरण जपून ठेवायचं नाही हे आपलं धोरण आहे, असं वाहिनीचं म्हणणं होतं.

लोकांना हे कळलं जून २०२० मध्ये, ऑस्टिनच्या पत्रकारांनी पोलिसांच्याच अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मिळवलं तेव्हा. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूला दोन आठवडे झाले होते. त्याच आठवड्यात ‘कॉप्स’ आणि ‘लाइव्ह पीडी’ दोन्ही बंद झाले. दोन डेप्युटींवर खटला चालला, २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं. काउंटीने त्याआधीच कुटुंबाला ५० लाख डॉलर दिले होते.

माझ्या मनातला पारदर्शकतेचा हिशेब इथे चुकला. सगळ्यात जास्त कॅमेरे जिथे होते तिथलीच फिल्म गेली, आणि उरली ती कुणाच्याही करमणुकीसाठी न काढलेली. फुटक्या दिव्यासाठी अडवलेल्या गाड्या बघत मी ज्या काउंटीत हसलो होतो, ती हीच.

आपल्याकडे थेट प्रक्षेपणाचा धडा वेगळ्या वाटेने मिळाला. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत कमांडो कुठे उतरताहेत हे वाहिन्या दाखवत होत्या आणि कराचीत बसलेले सूत्रधार तेच बघून फोनवरून सूचना देत होते. कसाबच्या खटल्याच्या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियम झाला की दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी देईल तेवढीच माहिती द्यायची. गस्तीच्या गाडीत बसवणारा कार्यक्रम आपल्याकडे रुजला नाही. आपण ‘क्राइम पेट्रोल’सारखं नटांकडून करून घेतलं. पण गुंडांची त्यांच्याच गल्लीतून धिंड काढून ती मोबाइलवर फिरवण्याची जी रीत आता पडली आहे, ती बघताना मला राउंड रॉकचा सोफा आठवतो. तिथेही कॅमेरा पोलिसांच्या बाजूलाच असतो, आणि दोष सिद्ध होण्याबद्दलची सूचनासुद्धा नसते.

टेक्सासने २०२१ मध्ये अँब्लरच्या नावाने कायदा करून पोलिसांनी अशा कार्यक्रमांशी करार करण्यावर बंदी घातली. पण २०२२च्या जुलैमध्ये अब्रॅम्स दुसऱ्या वाहिनीवर ‘ऑन पेट्रोल: लाइव्ह’ घेऊन आले. शुक्रवार-शनिवार, तीन तास, बहुतेक तीच मांडणी. ‘कॉप्स’ही त्याआधीच दुसरीकडे सुरू झाला होता. भाचा आता यूट्यूबवर पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांच्या फिती बघतो. गेल्या दिवाळीला फोनवर मी विचारलं तर म्हणाला, “मामा, हे बरं. यात निदान सगळं असतं.” सगळं म्हणजे अपलोड करणाऱ्याने ठेवलं तेवढं, असं मी म्हणालो. तो हसला, आणि मागून येणाऱ्या सायरनचा आवाज त्याने थोडा कमी केला.