रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. कधी इजा भरून आल्यावरही ती थांबत नाही. याचे एक कारण संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांच्या १९८३ मधील प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आले: इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशी अतिसंवेदनशील होऊ शकतात. मग हलका स्पर्शही दुखतो, आणि एक्स-रेमध्ये मात्र काही दिसत नाही.

अशा वेदनेने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने वेदना वाढते. हालचाल कमी होते, स्नायू अशक्त होतात, मन खचते. म्हणून उपचारांत औषधांबरोबर बेताबेताने वाढवलेला व्यायाम आणि समुपदेशनही लागते. घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाला झिडकारू नये. त्याच्यावर विश्वास ठेवावा.