आधी खर्च, मग मदत

राजोडीत मानसशास्त्राचं एम.ए. करणारी एक मुलगी पावसाळ्यात परिषदेच्या बर्सरीचा, म्हणजे तिथे जाण्यासाठीच्या आर्थिक मदतीचा, अर्ज भरत होती. मी शेजारी बसून ते काम पाहत होते. मानसशास्त्रज्ञांच्या एका संघटनेने परराज्यातल्या वार्षिक परिषदेसाठी तिचं पोस्टर स्वीकारलं होतं. विषय घराजवळचाच: पहाटेच्या लोकलने फुलं नि भाजी घेऊन मुंबई गाठणाऱ्या वसई पट्ट्यातल्या बायकांची झोप. त्यासाठी तिने पिट्सबर्गची १९८९ सालची निद्रा-प्रश्नावली वापरली होती. सात घटकांच्या गुणांची बेरीज ० ते २१ मध्ये येते. ५ च्या वर गेली की झोप बिघडलेली. तिची आईही दादरला फुलं नेते, पण तिला नमुन्यात घेतलं नव्हतं. ‘घरच्या माणसाला विचारलं तर उत्तरं गोड येतात,’ असं ती म्हणाली.

पहिली अडचण आली उत्पन्नाच्या दाखल्याची. नोकरदाराचं फॉर्म १६ वर भागतं, वाडीवाल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. घरच्या सोनचाफ्याच्या वाडीचं वर्षाचं उत्पन्न किती? गणपतीत भाव चढतो, पाऊस लागून राहिला की फूल काळं पडतं. वडिलांनी बोटं मोजली, वाडीच्या मजुरीवरून आईशी हुज्जत घातली आणि अखेर दोघांचं एका आकड्यावर जमलं. मग सेवा केंद्र, अपलोड आणि तहसीलदारांची डिजिटल सही. हाच दाखला राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर लागतो. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा वार्षिक ८ लाख उत्पन्नाची. त्यामुळे ही पीडीएफ आता घरोघरी मोबाइलमध्ये जपून ठेवलेली असते. पण तिथून सुटतो तो फीचा प्रश्न. परिषदेचं नोंदणी शुल्क, रेल्वेचं भाडं, पोस्टरची छपाई यांना त्यात रकाना नाही.

दुसरं काम, २०० शब्दांत आर्थिक गरज मांडण्याचं. पहिल्या खर्ड्यात ‘माझे वडील गरीब शेतकरी असून’ अशी सुरुवात होती. गल्लीतल्या निवृत्त सरांनी ती ओळ पेन्सिलीने खोडली. ‘गरिबीचं वर्णन नको गं. ते वाचणारे रोज वाचतात. पैसे मिळाले तर काय होईल आणि नाही मिळाले तर काय अडेल, तेवढं लिही.’ ती बराच वेळ गप्प बसली. दुसऱ्याचं दुःख नोंदवायला शिकलेल्या मुलीला स्वतःची अडचण लिहिताना हात आखडत होता. शेवटी तिने खर्चच मांडला: शयनयान डब्याचं जाऊन-येऊन तिकीट, दोन रात्रींचा मुक्काम, छपाई. खाली एक ओळ: मी गेले नाही, तर या बायकांची माहिती माझ्या वहीत राहील.

सगळं जुळल्यावर अटींच्या शेवटच्या पानावर सर थांबले. रक्कम परिषदेनंतर, मूळ पावत्या सादर केल्यावर. म्हणजे तिकीट, मुक्काम, नोंदणी, सगळं आधी पदरचं. ज्याच्या पदरी पैसे नाहीत, त्याच्यासाठीच तर हा अर्ज!

अशी मदत जगभर चालते. १९०१ साली स्थापन झालेली ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी आणि तिचे विभाग विद्यार्थ्यांना परिषदांसाठी बर्सरी देत आले आहेत. आपल्याकडेही इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन १९२४ सालची. परंपरा कमी नाही. नेट परीक्षा पार करून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. पण तिथवर पोचायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत, एम.ए. करताना, नालासोपाऱ्याहून अंधेरीला गाडी बदलून विद्यापीठासाठी सांताक्रूझ गाठणाऱ्या मुलांना असल्या छोट्या रकमांचाच आधार असतो.

मुलीने काकांकडून उसने घेतले आणि तिकीट काढलं. बर्सरी मंजूर झाली, पावत्या गेल्या, पैसे उशिरा का होईना खात्यात आले आणि उसनवारी फिटली. पण ज्या घरात असा काका नाही, तिथला अर्ज इतका पुढे जातच नाही आणि निवड समितीला तो कधी दिसतही नाही. संघटनांनी रक्कम वाढवली नाही तरी चालेल. निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नोंदणी शुल्क परस्पर माफ करावं आणि रेल्वेचं तिकीट स्वतः काढून पाठवावं. पावतीचा हिशेब नंतर विचारायला कोणाची ना नाही.